गुलामांच्या इतिहासात कर्ता कोण?

शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास येई : 'अमेरिकेतील गुलामगिरी कोणी नष्ट केली?' उत्तर एका वाक्याचे आणि एका गुणाचे. 'अब्राहम लिंकन यांनी गुलामांना मुक्त केले.' मी ते दरवेळी बिनचूक लिहिले आणि गुणही मिळवला. यंदा द्वितीय वर्षाला आधुनिक जगाचा इतिहास वाचताना ते वाक्य पुन्हा समोर आले आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंचे व्याकरण अचानक आठवले. मुक्त करण्याची क्रिया कोण करतो? लिंकन. म्हणून लिंकन कर्ता. ती क्रिया कोणावर घडते? गुलामांवर. म्हणून गुलाम कर्म. जवळजवळ चाळीस लाख माणसे त्या एका वाक्यात मावली, पण मावली ती कर्म म्हणून. त्यांनी स्वतः काही केले की नाही, याचा त्या वाक्यात पत्ताच नाही.

अमेरिकेच्या त्या यादवी युद्धाचा आणखी एक उल्लेख आपल्या पुस्तकांत असतो, तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोचेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला, मुंबईत शेअरांचा जुगार माजला आणि युद्ध संपताच सगळे कोसळले. हेही आम्ही पाठ केले. परंतु तोवर मँचेस्टरला जाणारा तो कापूस वेचत कोण होते, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. वस्तुतः आमच्यासारख्या कापसाच्या मुलखातल्या मुलांना ते सर्वांत आधी सुचायला हवे होते.

प्रस्तुत लेखात या माणसांच्या इतिहासाविषयी, आणि त्याहून अधिक, तो इतिहास शिकवला जावा म्हणून झालेल्या धडपडीविषयी लिहावयाचे आहे. आपल्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांत या लोकांसाठी 'निग्रो' हा शब्द येतो. एके काळी ते स्वतःही तो वापरीत. आज त्यांना तो अपमानाचा वाटतो, म्हणून मी 'कृष्णवर्णीय' असे लिहिले आहे. जुन्या संस्थांच्या व ग्रंथांच्या नावांत मात्र तो शब्द तसाच राहणार.

प्रथम या व्यापाराचा आवाका पाहू. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६६ पर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबली गेली, असा अंदाज इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून काढला आहे. त्यांपैकी पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. मधला फरक समुद्राच्या पोटात गेला. सर्वांत जास्त, सुमारे ४८ लाख, ब्राझीलमध्ये उतरवली गेली. आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो त्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आलेली माणसे चार लाखांच्याही आत होती. १८०८ पासून त्या देशाने बाहेरून गुलाम आणण्यास बंदीही घातली. तरीही १८६० च्या जनगणनेत तेथे ३९ लाख ५३ हजार गुलाम होते.

ही वाढ कशी झाली याचे उत्तर १६६२ सालच्या एका कायद्यात आहे. व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. १६१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पॉइंट कम्फर्ट नावाच्या टोकावर वीस-एक आफ्रिकी माणसे प्रथम उतरवली व विकली गेली होती. १६६२ मध्ये तेथे असा कायदा झाला की, मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या स्वतःच्या रिवाजाप्रमाणे मुलाला बापाचा दर्जा मिळे. येथे तो रिवाज मुद्दाम उलटा फिरवला. त्यामुळे मालकाने गुलाम स्त्रीवर अत्याचार केला तरी होणारे मूल त्याचा वारस न ठरता त्याची मालमत्ता ठरू लागले.

आफ्रिकेतून माणसे विकत आणण्याची प्रथा आपल्या दख्खनलाही होती. इथिओपियात जन्मलेला आणि लहानपणी विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर वसवले, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले आणि १६२६ मध्ये तो मानाने मेला. म्हणून इकडची गुलामी सुखाची होती असे मुळीच नाही. एका अंबरमागे नाव न उरलेले किती असतील! परंतु येथे गुलाम वजीर होऊ शकला. व्हर्जिनियातल्या कायद्याने गुलामी रंगाला आणि गर्भाला चिकटवली. नातवाचा नातूही जन्मण्याआधीच विकलेला असे.

पुढे १७९३ मध्ये एली व्हिटनी याने रुईपासून सरकी झटपट वेगळी करणारे यंत्र तयार केले. आपल्या जिनिंगच्या कारखान्यांत आज जे काम चालते तेच हे काम. पुष्कळांना वाटते की यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट हलके होतात. येथे उलट झाले. सरकी काढण्याची अडचण संपली, कापूस अमाप फायद्याचा झाला, मळे पश्चिमेकडे पसरत गेले आणि वेचायला हात हवे झाले. बाहेरून आणण्यास बंदी होती, तेव्हा जुन्या प्रांतांतले गुलाम नव्या प्रांतांत विकणे सुरू झाले. यादवी युद्धापर्यंतच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अशी विकली वा हलवली गेली. आई एका मळ्यावर आणि मूल शेकडो मैल दूर, हे नेहमीचेच होते.

सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ मध्ये त्याला फसवून पळवले आणि लुइझियानात विकले. बारा वर्षांनी सुटल्यावर त्याने आपली हकीकत लिहिली. तीत कापूस वेचणीचे वर्णन आहे. दिवसाला २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास, हा साधारण दंडक. संध्याकाळी टोपल्या वजनकाट्यावर चढत. वजन कमी भरले तर चाबूक, आणि जास्त भरले तर उद्यापासून तेवढेच रोज आणावे लागणार. त्यामुळे प्रत्येकजण भीत भीतच टोपली घेऊन जाई. हे वाचून मी पुस्तक मिटले. माझी आई हंगामात वेचणीला जाते. चांगल्या दिवशी ती ३०-३५ किलो वेचते आणि रात्री बोंडांनी फाटलेल्या बोटांना तेल लावून बसते. तिला किलोमागे मजुरी मिळते, ती आपल्या घरी येते, आणि न पटले तर दुसऱ्या दिवशी जात नाही. म्हणून मी बरोबरी करीत नाही. परंतु ९० किलो म्हणजे काय, हे मला आकडा म्हणून वाचता आले नाही एवढेच.

आता लिहिण्या-वाचण्याकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म येथे आहे.

साउथ कॅरोलिना वसाहतीने १७४० मध्येच गुलामाला लिहायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. १८२९ मध्ये बोस्टनच्या डेव्हिड वॉकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय दुकानदाराने गुलामगिरीवर जळजळीत पुस्तिका छापली. ती खलाशांच्या हातून दक्षिणेकडच्या बंदरांत जाऊ लागली, तशी तिकडच्या विधिमंडळांची झोप उडाली. नॉर्थ कॅरोलिनाने १८३० मध्ये कायदा केला : गुलामाला वाचायला वा लिहायला शिकवणाऱ्या गोऱ्यास १०० ते २०० डॉलर दंड किंवा कैद, आणि एका गुलामाने दुसऱ्यास शिकवले तर त्याच्या उघड्या पाठीवर ३९ फटके. या कायद्यात एक सूट होती, आकडेमोडीची. अंक शिकवले तर गुन्हा नाही. पोती मोजणारा, पिंपांवर आकडे घालणारा गुलाम मालकाला हवाच होता. अक्षर मात्र नको, कारण अक्षर कळले की तो कायदाही वाचील आणि वॉकरची पुस्तिकाही.

ज्याला अक्षर नाकारले त्याच्या मागे कागद उरत नाही, आणि कागद नाही म्हणून इतिहास नाही, असे पुढचे शहाणे म्हणू लागले. आधी हात बांधायचे आणि मग याला लिहिता येत नाही म्हणून हिणवायचे, त्यातलाच हा प्रकार.

फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. बाल्टिमोरला ज्या घरी त्याला पाठवले त्या घरच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याने तिला थांबवले : शिकला तर तो गुलामीच्या लायकीचा राहणार नाही. मुलाने हे ऐकले, आणि आपल्याला काय मिळवायचे ते त्याला त्याच क्षणी समजले. पुढे रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो घरातला पाव देई आणि बदल्यात अक्षरे घेई. बाराव्या-तेराव्या वर्षी पन्नास सेंट साठवून त्याने भाषणांचे एक जुने पुस्तक विकत घेतले. १८३८ मध्ये खलाशाचा वेष घालून, दुसऱ्याची कागदपत्रे खिशात ठेवून तो आगगाडीने उत्तरेकडे निसटला. १८४५ मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले. त्यात मालकाचे नाव-गाव उघड केल्यामुळे पुन्हा पकडले जाण्याची भीती होती, म्हणून त्याला समुद्रापार इंग्लंड-आयर्लंडकडे जावे लागले. तेथील मित्रांनी पैसे जमवून त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. अमेरिकेतला त्या काळचा एक थोर वक्ता, आणि त्याच्या नावाची खरेदीपावती होती!

डग्लसला आपली जन्मतारीख माहीत नव्हती. गुलामांना ती कोणी सांगतच नसे. आई लहानपणीच दुरावली आणि वारली. पुढे त्याने १४ फेब्रुवारी ही तारीख आपली आपणच मानली. हे वाचताना मला वडिलांचा शाळेचा दाखला आठवला. त्यावर १ जून आहे. आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, ज्वारीच्या काढणीत ते झाले. म्हणजे जून नव्हेच. मास्तरांनी नाव घालताना सोयीची तारीख लिहिली, आणि त्या दिवशी दाखल झालेल्या साऱ्या पोरांचा वाढदिवस एकच झाला. आमच्या गावात १ जूनला जन्मलेली माणसे मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. आम्ही यावर हसतो. परंतु ज्याच्या जन्माची नोंद करावी असे कोणालाच वाटले नाही, त्याची ती तारीख आहे, हे मला डग्लसमुळे प्रथम जाणवले.

आता पहिल्या वाक्याकडे परत. गुलामांना खरोखर लिंकन यांनी मुक्त केले काय?

१८६१ च्या मे महिन्यात, युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला असताना, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडी वल्हवत मन्रो किल्ल्यापाशी आले. दक्षिणेच्या सैन्यासाठी त्यांच्याकडून तटबंदीचे काम करवून घेतले जात होते. किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरे निशाण घेऊन त्यांना मागायला आला. पळालेले गुलाम परत करावेत असा देशाचा कायदाच होता. किल्ल्यावरचा सेनापती बटलर मुळात वकील. तो म्हणाला, तुम्ही स्वतःला आमच्या देशाचे मानत नाही, मग आमचा कायदा कसा मागता? शत्रूच्या उपयोगाचा जप्त माल म्हणून त्याने त्या तिघांना ठेवून घेतले. त्यांना स्वतंत्र म्हणायची त्याची तयारी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पण बातमी मळ्यामळ्यांवर गेली आणि काही दिवसांतच बायकापोरांसह माणसांची रीघ लागली. मन्रो किल्ला उभा आहे तो पॉइंट कम्फर्टच्याच टोकावर. १६१९ मध्ये पहिली वीस-एक माणसे जेथे उतरवली होती, तीच ही जागा.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा आला तो १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे त्यानंतर दीड वर्षाने. तोही बंड केलेल्या प्रदेशापुरता. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या चार गुलामप्रांतांना तो लागू नव्हता. सर्व देशातून गुलामगिरी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. मधल्या काळात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने तो अर्धवट पगार घेण्याचेच नाकारले, आणि पगार न घेता ती पलटण लढत राहिली. १८६४ च्या जूनमध्ये सरकारला समान वेतनाचा कायदा करावा लागला. हॅरिएट टबमन ही स्वतः गुलामीतून पळालेली बाई. पुन्हा पुन्हा दक्षिणेत जाऊन तिने सुमारे सत्तर माणसे सोडवून आणली. १८६३ च्या जूनमध्ये तर उत्तरेच्या बोटी नदीतून आत नेण्यास तिने वाट दाखवली आणि एका रात्रीत सातशेहून अधिक लोक बाहेर काढले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

यामुळे लिंकन यांची थोरवी कमी होते असे मला वाटत नाही. परंतु वाक्याचा कर्ता मात्र एकटा उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या घटनेचे मोल फार लवकर ओळखले गेले. तेराव्या घटनादुरुस्तीनंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' निघाले. त्याची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना उद्देशून आहे, आणि पुस्तक मराठी असूनही ती इंग्रजीत आहे. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या दास्यात आपल्या शूद्रातिशूद्रांचे दास्य ओळखणे, ही त्या काळी केवढी दृष्टी! १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. आपण हा इतिहास वाचतो तो असा घरचा धागा धरून.

हे डु बॉइस १८९५ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. तेथे ती पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. युद्धानंतरच्या बारा वर्षांत मुक्त झालेल्या लोकांनी मते दिली, ते विधिमंडळांत बसले, त्यांनी शाळा काढल्या. पण विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठांतले नामवंत प्राध्यापक त्या काळाचे वर्णन अडाण्यांचा सावळा गोंधळ असेच करीत. या मताचे पीठ होते कोलंबिया विद्यापीठ, आणि मुख्य आचार्य विल्यम डनिंग. योगायोग असा की १९१३ मध्ये आपले बाबासाहेब शिकायला गेले ते याच विद्यापीठात, आणि डनिंग तेव्हा तेथे होते. १९३५ मध्ये डु बॉइस यांनी या मताला एका जाडजूड ग्रंथाने उत्तर दिले. मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे चालत गेलेल्या गुलामांच्या त्या लोंढ्याला त्यांनी नाव दिले : सार्वत्रिक संप. एका शब्दाने कर्म कर्त्याच्या जागी आले. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात शाळांतली क्रमिक पुस्तके उघडून, मुलांना काय शिकवले जाते याचा त्यांनी पंचनामा केला आहे.

परंतु मला अधिक जवळचे वाटतात ते कार्टर वुडसन. जन्म १८७५, व्हर्जिनिया. आईवडील दोघेही पूर्वीचे गुलाम. शेतातल्या कामामुळे शाळा वर्षातले थोडे महिनेच. तरुणपणी ते वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत कामाला गेले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार होता. तो यादवी युद्धात लढलेला, पण निरक्षर. त्याच्या घरी संध्याकाळी कामगार जमत, फळे वगैरे खात, आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवीत. बदल्यात त्यांना खाणे फुकट. त्या गप्पांत युद्धाच्या आठवणी निघत. माझ्या लोकांच्या इतिहासाची गोडी मला तेथे लागली, असे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. आपल्यांपैकी ज्यांनी घरातल्या मोठ्या माणसांना सरकारी कागद आणि वर्तमानपत्र वाचून दाखवले आहे, त्यांना ही खोली डोळ्यांपुढे आणायला अडचण पडू नये.

विसाव्या वर्षी ते हायस्कुलात गेले आणि दोन वर्षांच्या आत बाहेर पडले. १९०३ मध्ये केंटकीच्या बेरिया कॉलेजची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी गोऱ्या-काळ्यांनी एकत्र शिकू नये असा कायदा त्या राज्याने केला. म्हणजे दार बंद होण्याआधी ते निसटले. १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. निग्रोंना इतिहासच नाही, असे तेथील एका प्राध्यापकाने त्यांना सुनावल्याचे सांगतात. १९१५ मध्ये त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, १९१६ मध्ये संशोधनाचे त्रैमासिक काढले, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. फेब्रुवारी अशासाठी की १२ ला लिंकन यांची जयंती आणि १४ ला डग्लस यांची. म्हणजे ज्या माणसाला जन्मतारीख नव्हती, त्याने स्वतः निवडलेल्या तारखेभोवती हा सप्ताह उभा राहिला. १९७६ मध्ये त्याचा महिना झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मान्यता दिली. वुडसन तोवर हयात नव्हते. ते १९५० मध्ये वारले.

महिना पाळला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. जयंतीला हार घालून उरलेले वर्ष मोकळे राहण्याची कला आपल्यालाही चांगली अवगत आहे. वुडसन यांचा भर होता तो कागदपत्रे जमवण्यावर आणि शिक्षकांच्या हातात रोज वापरता येईल असे साहित्य देण्यावर.

पण कागदपत्रे कोणती? ज्यांना लिहू दिले नाही त्यांची साधने कोठून आणावयाची? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे. पळालेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. त्यांत वय, उंची, पाठीवरचे वण, कोणते काम येते, वाचता येते काय, बायको कोणत्या मळ्यावर आहे, हे सगळे असे. माणूस सापडावा म्हणून मालकाने केलेले ते वर्णन आज त्याच माणसाची साक्ष देते.

दुसरे साधन म्हणजे मुलाखती. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका लेखन प्रकल्पाखाली, हयात असलेल्या जुन्या गुलामांच्या दोन हजार तीनशेहून अधिक हकिकती उतरवून घेतल्या गेल्या. त्या आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. (भाषा बोलीतली आणि ऐकली तशी लिहिलेली असल्यामुळे माझ्या इंग्रजीचा तेथे पार फज्जा उडाला. आमच्या सरांना बराच त्रास द्यावा लागला.) त्यांतली सुझन हॅम्लिन या शंभरीला टेकलेल्या बाईची गोष्ट विलक्षण आहे. चार्ल्स्टन शहरात तिची दोनदा मुलाखत झाली. पहिल्यांदा आलेली बाई गोरी होती. सुझनला वाटले, ही मदत वाटणाऱ्या सरकारी कचेरीतून आली आहे. त्या बाईनेही गैरसमज दूर केला नाही. सुझनने सांगितले की मालक चांगला होता, खाणेपिणे नीट होते. नंतर एक कृष्णवर्णीय मुलाखतकार गेला. त्याला तिने चाबकाचे फटके सांगितले, आणि मुले विकली गेली की आयांचा जो आक्रोश होई तोही सांगितला. बाई तीच, शहर तेच. फक्त समोरचा माणूस बदलला. पहिलीच मुलाखत हाती लागली असती तर आपण लिहून मोकळे झालो असतो की गुलामही समाधानी होते! साहेबांपुढे आपली माणसे 'बरं चाललंय' म्हणतात, ते कशासाठी, हे खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. उलट अशी साधने वाचताना त्याचे हे ज्ञान उपयोगी पडते, असे मी म्हणेन.

हा सारा वाद जुना झाला असे कोणी समजू नये. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील नकाशाचे छायाचित्र आईला पाठवले. त्याखाली आफ्रिकेतून मळ्यांवर आणलेल्यांना 'कामगार' म्हटले होते. आईने ते चव्हाट्यावर आणले आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या नव्या अभ्यासक्रमात, गुलामांनी काही कौशल्ये मिळवली व काही वेळा ती त्यांच्या फायद्याची ठरली, असे शिकवावे म्हणून लिहिले गेले, त्यावरही रान उठले. बाजू घेणारे म्हणतात, जुने कढ काढल्याने आजच्या गोऱ्या मुलांच्या मनात विनाकारण अपराधीपणा येतो. या म्हणण्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या मनाचा विचार त्यात नसतोच. आणि 'कामगार' हा शब्द आकड्याइतकाच बिनरंगी दिसला तरी तो तसा नाही. कामगाराला न पटले तर दुसऱ्या दिवशी तो जात नाही. आईच्या वेचणीचे मी वर लिहिलेच आहे.

आणखी एका साधनाविषयी लिहून थांबते. १८५० व १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केलेली आहे. तीत मालकाचे नाव, आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, रंग. गुलामांच्या नावाचा रकानाच नाही. ३२ वर्षे, स्त्री, काळी. ९ वर्षे, पुरुष, काळा. या सर्वांची नावे प्रथम येतात ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे आज जे कृष्णवर्णीय कुटुंब आपली वंशावळ शोधू पाहते, ते बहुधा १८७० पाशी येऊन थबकते. त्याच्या मागे रकाने आहेत, माणसे नाहीत.

माणसे मात्र एकमेकांना शोधत होती. युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षे कृष्णवर्णीयांच्या आणि चर्चच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत राहिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका पत्राने त्यासाठी 'हरवलेले मित्र' असे सदरच चालवले. आईचे नाव अमुक, आम्हांला तमुक गावी विकले, भावाला शेवटचे पाहिले तेव्हा तो एवढा होता, आता माझे नाव हे आहे, पत्ता हा. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहून घेत. वाचता न येणाऱ्यांपर्यंत ते पोचावे म्हणून धर्मोपदेशकांनी रविवारी प्रार्थनेच्या वेळी ही नावे मोठ्याने वाचून दाखवावीत, अशी विनंती सदराच्या डोक्यावर छापलेली असे. अशा कित्येक जाहिराती आज जतन केलेल्या आहेत. त्यांपैकी फार थोड्यांना उत्तर आले.